हातातला सेट, घरातला संगणक आणि नदीपलीकडचे गाव

(शेतकी खात्याकडून — ऊस विकास अधिकारी)



या पानावर आम्ही एरवी बेणेप्रक्रिया, लागणीच्या तारखा, हुमणी आणि खोडव्यातले पाचट याविषयी लिहितो. या वेळी विषय निराळा आहे. गेल्या गळीत हंगामात आमच्या हातून एक चूक होता होता राहिली. ती कशी टळली हे सांगितले तर तुमच्यापैकी काहींचे पैसे वाचतील, आणि पुराच्या काळात उपयोगी पडेल अशी एक गोष्टही कळेल, म्हणून हा लेखप्रपंच.

नदीकाठच्या गटात मोबाइलला रेंज नाही ही तक्रार जुनीच आहे. फडात ट्रॉली भरून उभी, ट्रॅक्टर दुसऱ्याच फडाकडे गेलेला, आणि चिटबॉय मोटारसायकलवरून त्याला शोधतोय, हे चित्र तुम्ही सर्वांनी पाहिले आहे. या त्रासाला कंटाळून दोन टोळ्यांच्या मुकादमांनी घरपोच खरेदीतून चार बिनतारी सेट मागवले. काळे, वितीएवढे, डोक्यावर रबरी शेपटी, आणि किंमत साध्या मोबाइलइतकी. टोळीचे काम झकास चालले. आम्हालाही ते बघून मोह झाला आणि अशाच दहा सेटचे मागणीपत्र आमच्या सहीने स्टोअरला गेले.

तिसऱ्या दिवशी आपल्याच एका सभासदाचा मुलगा शेतकी ऑफिसात आला. डिप्लोमा झालेला आहे, गावातच मोटर रिवाइंडिंगचे दुकान चालवतो. म्हणाला, "साहेब, तुमच्या टोळीची माणसं माझ्या बँडवर बोलायला लागलीत. काल दिवसभर 'चार नंबरच्या पट्ट्यात ट्रॅक्टर लाव' एवढंच ऐकतोय."

आम्ही म्हणालो, "अरे, बँड काय तुझ्या वडिलांचा सात-बारा आहे काय?"

"सात-बारा नाही साहेब, पण परवाना आहे. तुमच्या मुकादमाकडं तेवढाही नाही."

त्याने खिशातून परवान्याची प्रत काढून टेबलावर ठेवली. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाने दिलेला हौशी रेडिओचा परवाना आणि त्यावर त्याचे स्वतःचे हाकसंकेत. आम्ही ऊस विकासाच्या कामात वीस वर्षे काढली, पण आपल्या कार्यक्षेत्रात असा परवाना असलेला माणूस आहे हे आम्हाला ठाऊक नव्हते. मागणीपत्र त्याच दिवशी परत घेतले. पुढच्या रविवारी त्याच्या घरी जाऊन त्याने सोप्यात मांडलेले केंद्र पाहिले. त्या दिवशी जे समजले ते खाली देत आहोत.

आधी हे सेट म्हणजे काय ते पाहू. हौशी रेडिओ, ज्याला जगभर हॅम म्हणतात, म्हणजे पैशासाठी नव्हे तर शिकण्यासाठी आणि हौसेने चालवलेली बिनतारी केंद्रे. सरकारने त्यांना ठरावीक लहरी राखून दिल्या आहेत. आपल्याकडे हातातल्या सेटच्या कामाच्या अशा दोन पट्ट्या आहेत, १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्‌झ. पूर्वी असला सेट घेणे म्हणजे जोडी बैल घेण्यासारखे होते. सन २०१२ मध्ये बाओफेंग या चिनी कंपनीचा यूव्ही-५आर नावाचा सेट बाजारात आला आणि भाव एकदम खाली आले. अमेरिकेत तो २५-३० डॉलरला मिळू लागला. कॉलेजच्या पोरांनाही परवडू लागला, आणि गोंधळही तिथूनच वाढला. कारण हा सेट हौशी लहरींपुरता थांबत नाही. आकडे दाबाल तिथे तो बोलतो, मग ती लहर पोलिसांची असो, सरकारी खात्याची असो की आणखी कोणाची. आपल्या मुकादमांनी आकडे सहज म्हणून दाबले आणि ते हौशी पट्टीत पडले, म्हणून प्रकरण एका तरुणाच्या हसण्यावारी गेले. दुसरीकडे पडले असते तर?

आता त्याची पोच. सेटची ताकद चार-पाच वॅट असते. पण या लहरी सरळ रेषेत जातात, त्यामुळे ताकदीपेक्षा उंचीला महत्त्व जास्त. हिशेब सोपा आहे. अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचे वर्गमूळ काढा आणि त्याला ४.१ ने गुणा, म्हणजे सपाट मुलखात तेवढे किलोमीटर. माणसाच्या हातातला सेट जमिनीपासून दीड मीटरवर, म्हणजे पाच किलोमीटर. समोरच्याचेही पाच, मिळून दहा. हे झाले कागदावर. प्रत्यक्षात मध्ये बारा फुटांचा आडसाली ऊस, तोही पावसाने भिजलेला, मग झाडे, मग गावठाण. दोन-तीन किलोमीटरवर आवाज खरखरायला लागतो. हाच एक अँटेना ३० मीटर उंच नेला तर त्याची पोच साडेबावीस किलोमीटर, आणि हातातल्या सेटची पाच मिळवून सत्तावीसच्या पुढे जाते. (हे वाचून काहींची नजर आपल्या चिमणीकडे जाईल. आमचीही गेली होती. तिथे काहीही बांधायचे नाही. विजेची भीती आहे आणि चिमणी कारखान्याची आहे.)

सत्तावीस किलोमीटर म्हणजे फार तर तालुका. मग त्या पोराच्या सोप्यात बसून आम्ही जो आवाज ऐकला तो समुद्रापलीकडून कसा आला?

इथे संगणकाची जोडणी येते. तुमच्या रोजच्या कामातलाच दाखला देतो. ऊस फडातून कारखान्यात कसा येतो? फडातून रस्त्यापर्यंत बैलगाडी. रस्त्यावर उतरवून ट्रकमध्ये भरायचा, आणि पुढची तीस-चाळीस किलोमीटर ट्रक. बैलगाडीला तीस किलोमीटर पिटाळत नाहीत आणि ट्रक चिखलाच्या फडात घालत नाहीत. तसेच इथे आहे. हातातला सेट ही बैलगाडी, इंटरनेट हा ट्रक, आणि भरणीचा तळ म्हणजे सोप्यातला संगणक, ज्याला दुसरा एक सेट तारेने जोडलेला आहे. तुम्ही शेतातून बोलता, सोप्यातला सेट ऐकतो, संगणक तो आवाज इंटरनेटवरून दुसऱ्या गावच्या किंवा दुसऱ्या देशाच्या तशाच तळावर पाठवतो, आणि तिथला सेट तो पुन्हा हवेत सोडतो. तिकडच्या माणसाच्या हातातही साधाच सेट असतो.

ही कल्पना नवी नाही. कॅनडातील व्हँकुव्हरच्या डेव्हिड कॅमेरॉन या हौशी रेडिओवाल्याने १९९७ मध्ये आयआरएलपी नावाची अशी जोडणी सुरू केली. तिच्यात दोन्ही टोकांना रेडिओच लागतो. पुढे २००२ मध्ये अमेरिकेतील जोनाथन टेलर यांनी एकोलिंक काढले. त्यात एका टोकाला नुसता संगणक असला, आता तर मोबाइल असला, तरी चालते. मात्र परवान्याचा पुरावा पाठवून आपले हाकसंकेत तपासून घेतल्याशिवाय एकोलिंक कोणाला आत घेत नाही. आपल्या या पोराचे केंद्र एकोलिंकवर आहे.

जोडणीत काय लागते ते थोडे तपशिलाने लिहितो, कारण आमच्याकडे विचारणा करणारे बहुतेक आयटीआय आणि डिप्लोमाचे विद्यार्थी आहेत.

सेटच्या कुशीत रबरी झाकणाखाली दोन भोके असतात, एक मोठे आणि एक बारीक. कानात घालायचा माइक-स्पीकर तिथेच लागतो. त्यातल्या तारांची कामे तीन. एक आवाज बाहेर नेते, दुसरी आत आणते, आणि तिसरी बोलण्याचे बटण दाबण्याचे काम करते. या तिन्ही संगणकाला द्यायच्या, एवढेच काम. पण गाडी इथेच चिखलात रुतते. संगणकाच्या आवाजाच्या भोकातून जे येते ते व्होल्टच्या घरात असते, आणि सेटच्या माइकला लागते ते मिलिव्होल्टच्या घरात. सरळ तार जोडली तर आवाज फाटतो. पाटाचे सगळे पाणी एका सरीत सोडल्यासारखे. म्हणून मध्ये दोन रोधक घालून आवाज शंभराव्या हिश्शाच्या आसपास आणावा लागतो. शिवाय संगणक एका विजेवर आणि सेट दुसऱ्या, त्यामुळे सतत 'हूंऽऽ' असा घोंगावणारा आवाज येतो. त्यासाठी आवाजाच्या दोन्ही तारांत एकास-एकचा छोटा ट्रान्सफॉर्मर घालतात, म्हणजे वीज तुटते आणि आवाज तेवढा पलीकडे जातो. बटणाचे काम संगणकाकडून करून घ्यायला ऑप्टोकपलर नावाचा एक भाग येतो. त्यात आत एक दिवा लागतो आणि तो पाहून पलीकडची तार जुळते. हे सगळे सुटे सामान शे-दोनशे रुपयांत होते. तयार पेटीही मिळते, पण आपल्या पोराने स्वतः झाळून केले. आम्हाला ते साबणाच्या डबीत बसवलेले दिसले.

काही जण बटणाची तार टाळतात. सेटला 'आवाज आला की आपोआप बोल' अशी सोय असते, ती चालू करतात. आमच्या समोर त्याने तसे करून दाखवले. त्यात पहिले अक्षर खाल्ले जाते. "नको येऊ" मधला "न" गेला तर काय होईल याचा विचार करा. म्हणून बटणाला तार पाहिजेच.

उलट बाजूलाही अडचण आहे. सेटवर कोणी बोलतो आहे हे संगणकाला कसे कळणार? महागड्या सेटमध्ये त्यासाठी वेगळी तार असते. या स्वस्त सेटच्या भोकात ती नाही. संगणकाला आवाजावरूनच ओळखावे लागते. मग वीजपंपाच्या स्टार्टरची खरखर आली तरी तो समजतो की कोणीतरी बोलतेय, आणि ती खरखर साता समुद्रापार पाठवतो. त्यावर तोड म्हणजे सूक्ष्म सूर. बोलणाऱ्याच्या सेटने आवाजाखाली एक ठरलेला बारीक सूर पाठवायचा, समजा ८८.५ हर्ट्‌झचा, आणि तळावरच्या सेटने तो सूर असेल तरच तोंड उघडायचे. काट्यावर स्लिप दाखवल्याशिवाय गाडी घेत नाहीत तसे.

तळावरच्या सेटची आणखी चार बटणे नीट करावी लागतात. वीज वाचवण्याची सोय बंद, कारण तिच्यामुळे सेट डुलक्या घेतो आणि सुरुवातीचे शब्द जातात. एकाच वेळी दोन लहरींवर कान ठेवण्याची सोय बंद, नाहीतर कधी भलत्याच लहरीवर उत्तर दिले जाईल. बोलणे संपल्यावर वाजणारी 'टुंग' बंद. आणि ठरावीक मिनिटांनंतर आपोआप गप्प होण्याची सोय मात्र चालू, कारण संगणक अडकला आणि बटण दाबलेलेच राहिले तर सेट तासन् तास बोलत राहील, लहर अडून बसेल आणि सेट जळेल.

जळण्यावरून आठवले. हातातला सेट ऐकायला जास्त आणि बोलायला थोडा, अशा हिशेबाने बनवलेला असतो. तळावर त्याला दहा-दहा मिनिटे बोलावे लागते. पूर्ण ताकदीवर ठेवला तर हात लावता येत नाही इतका तापतो. या पोराचा पहिला सेट असाच गेला. आता त्याने ताकद एक वॅटवर ठेवली आहे, मागे जुन्या संगणकातला पंखा लावला आहे, आणि कमी झालेली ताकद अँटेनाच्या उंचीने भरून काढली आहे. अँटेना त्याने माळवदावर पाइपवर नेला. त्यामुळे दुसरे एक दुखणेही गेले. अँटेना टेबलावर असताना सेट बोलायला लागला की त्याच लहरी तारांतून संगणकात शिरायच्या, माऊस उड्या मारायचा आणि जोडणी तुटायची. जुन्या टीव्ही-संगणकाच्या तारेवर काळा गोळा असतो ना, तो फेराइटचा. तसे दोन गोळे त्याने तारांवर चढवले आहेत.

इंटरनेट फार लागत नाही. आवाज दाबून पाठवतात, सेकंदाला सुमारे १३ हजार बिट. पोरे मोबाइलवर पिक्चर बघतात त्याच्या पासंगालाही हे पुरणार नाही. अडचण वेगळीच आहे. एकोलिंकला ५१९८ आणि ५१९९ ही दोन दारे उघडी लागतात. खेड्यात आपण मोबाइलच्या इंटरनेटवर असतो, तिथे शेकडो घरांना मिळून एकच पत्ता असतो. बाहेरून कोणी हाक मारली तर ती आपल्या घरापर्यंत येतच नाही. पोस्टमन गावाच्या वेशीवर येऊन थांबल्यासारखे. त्यासाठी प्रॉक्सी म्हणजे मधला माणूस घ्यावा लागतो, जो टपाल घेऊन आपल्याला देतो. सर्व जुळले की ९९९९ या क्रमांकावर जायचे. तिथे चाचणीचे यंत्र आहे. आपण बोललेले ते तसेच परत ऐकवते. आपला आवाज जगाला कसा ऐकू येतो हे तिथे कळते. बहुतेकांना आपला आवाज आवडत नाही, आणि ते बरेच आहे, त्यामुळे ते सावकाश बोलायला शिकतात.

बोलण्याची रीत महत्त्वाची. एका वेळी एकानेच बोलायचे. दोघांच्या बोलण्यात दोन-तीन सेकंद जागा सोडायची. तळ आणि इंटरनेट यांत आवाज थोडा रेंगाळतो, आणि मध्ये कोणाला तातडीचे सांगायचे असेल तर त्याला शिरायला फट पाहिजे. आपल्या वार्षिक सभेत ही रीत आली तर किती बरे होईल!

त्या रविवारी आम्ही नुसते ऐकले. बोललो नाही, कारण परवाना आमच्याकडे नाही. पोरगा हातात सेट घेऊन बांधावरून बोलत होता, आम्ही सोप्यात. पलीकडून न्यू जर्सीतले एक मराठी गृहस्थ आले. तेही हॅम. मूळ सांगलीकडचे. थोडी तांत्रिक बोलणी झाली आणि मग त्यांनी विचारले, "आयर्विन पुलाखाली पाणी किती आहे?" तेव्हा फेब्रुवारी होता, नदीत वाळू दिसत होती. पोराने तसे सांगितले. ते म्हणाले, "बरं. सवयीनं विचारलं."

ही सवय आपल्या सर्वांनाच लागली आहे. आयर्विन पुलाजवळ ४० फूट इशारा आणि ४५ फूट धोका, हे आकडे आपल्या शाळेतल्या मुलांनाही पाठ आहेत. २००५, २०१९, २०२१ ही साले कोणाला सांगावी लागत नाहीत. ऑगस्ट २०१९ मध्ये नदीपलीकडच्या दोन वस्त्यांशी आमचा दोन दिवस संपर्क नव्हता. आधी वीज गेली, मग मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या उतरल्या, मग डिझेल पोचेना. आमच्या नोंदवहीत तिथल्या प्रत्येक सभासदाचे क्षेत्र, वाण, लागणीची तारीख लिहिलेली होती. तो माणूस माळवदावर आहे की निघाला, हे मात्र सांगता येत नव्हते. शेतकी ऑफिसच्या फोनवर पुण्या-मुंबईहून लेक-जावई विचारत होते आणि आम्ही "कळवतो" म्हणत होतो.

म्हणून आम्ही पोराला सरळ विचारले, "हे तुझं यंत्र त्या वेळी असतं तर उपयोग झाला असता का?"

त्याचे उत्तर आम्हाला आवडले, कारण त्यात फुशारकी नव्हती. तो म्हणाला, "साहेब, इंटरनेट गेलं की ट्रक गेला. पण बैलगाडी राहते."

म्हणजे असे, की पुरात इंटरनेट बंद पडले तर न्यू जर्सी बंद. पण त्याच लहरीवर या काठाचा सेट त्या काठाच्या सेटशी सरळ बोलू शकतो. त्यासाठी टॉवर नको आणि कंपनीही नको. नदीचे पात्र दोन-तीन किलोमीटर पसरले तरी पाण्यावर झाड नसते, ऊस बुडालेला असतो, त्यामुळे लहर उलट चांगली जाते. आणि जिथे पाणी नाही, इंटरनेट आहे, अशा उंचावरच्या गावी कोणा परवानाधारकाचा तळ चालू असेल, तर त्या तळापर्यंत पोचलेला निरोप पुढे कुठेही जाईल. सगळी साखळी तुटत नाही, कुठल्यातरी एका कडीला इंटरनेट असले की भागते.

अमेरिकेत हे ठरवून केले जाते. मायामीच्या राष्ट्रीय चक्रीवादळ केंद्रात हौशी रेडिओचे केंद्र आहे. वादळ येते तेव्हा किनाऱ्यावरचे आणि कॅरिबियन बेटांवरचे हॅम लोक वारा, पाऊस, पाणी यांची माहिती एकोलिंक आणि आयआरएलपीच्या जोडणीवरून तिथे देतात. आपल्या देशात २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद या हॅम बाई हौशी रेडिओच्याच मोहिमेवर पोर्ट ब्लेअरला होत्या. बाकी संपर्क तुटला असताना त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंदमान-निकोबारचे निरोप मुख्य भूमीवर पोचवले. ते काम लांब पल्ल्याच्या लघुलहरींवर झाले, संगणकाच्या जोडणीवर नव्हे. हा फरक ध्यानात ठेवावा. जोडणी ही सोय आहे, पाया रेडिओचाच आहे.

विजेचा हिशेबही आम्ही मांडून पाहिला. पूर ऑगस्टात येतो, आपला हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. ऑगस्टात बॉयलर थंड, टर्बाइन उघडलेले, म्हणजे कारखान्याच्या विजेचा भरवसा त्या वेळी नाही. पण ट्रॅक्टरची बॅटरी गावोगावी आहे. छोटा संगणक, राउटर आणि सेट मिळून सरासरी सव्वा अँपिअर धरा. ८० अँपिअर-तासाची बॅटरी अर्ध्याहून जास्त उतरवायची नाही, म्हणून हिशेबाला ४०. म्हणजे ३२ तास. संगणक बंद ठेवून नुसता सेट ऐकत ठेवला तर कितीतरी दिवस. बॅटरी माळवदावर आधी न्यायची, पाणी दारात आल्यावर नव्हे.

आता कायद्याचे. इथे आम्ही कडक लिहिणार आहोत.

परवान्याशिवाय असा सेट वापरणे तर नाहीच, बाळगणेही कायद्यात बसत नाही. मिळतो म्हणून चालतो असे नाही. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकी-टॉकीची बेकायदा विक्री केल्याबद्दल १३ ऑनलाइन बाजारांना नोटिसा काढल्या आणि विक्रीचे नियमही केले. दुसरे, परवाना असला तरी हौशी रेडिओवर धंद्याचे बोलणे करता येत नाही. तोडणी, वाहतूक, काटा, उचल, यातले काहीही नाही. म्हणजे आमचे दहा सेट परवाना काढूनसुद्धा कारखान्याच्या कामाला चालले नसते. तिसऱ्या माणसाचे निरोपही एरवी नेता येत नाहीत. आपत्तीत प्रशासनाच्या सांगण्यावरून ते काम करता येते. आणि इंटरनेटशी जोडलेला तळ उभारायचा असेल तर परवाना देणाऱ्या कार्यालयाकडून आधी लेखी खुलासा मागवावा. तळ चालू असताना परवानाधारक लक्ष ठेवायला आणि लगेच बंद करायला हजर पाहिजे.

मग टोळ्यांनी काय करायचे? सन २०१८ च्या नियमांनी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्‌झ ही पट्टी कमी ताकदीच्या हातातल्या सेटना परवान्यातून मोकळी केली आहे. ते सेट अर्ध्या वॅटचे, अँटेना न निघणारा, आणि सरकारी मान्यतेचे असावे लागतात. पाच वॅटचा बाओफेंग ४४६ वर लावला म्हणून तो त्यात बसत नाही. अर्ध्या वॅटला फडातल्या फडात, फड ते रस्ता एवढी पोच मिळते, आणि टोळीचे काम तेवढ्यात भागते. यापेक्षा मोठी सोय हवी तर कारखान्याने स्वतःच्या नावे रीतसर बिनतारी परवाना काढावा लागेल. जुन्या सभासदांना गट ऑफिसातला वायरलेस आठवत असेल. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा तो सेट शेवटचे दिवस मोजत होता आणि आम्हीच त्याला अडगळ म्हणत होतो.

त्या दोन मुकादमांना आम्ही बोलावून सांगितले. एकाने ऐकले. दुसरा म्हणाला, "साहेब, रेंज तुमी द्या, सेट आमी देतो." त्याचे म्हणणे आम्ही टिपून ठेवले आहे. नदीकाठच्या गटातील मोबाइल रेंजबाबत कारखान्यामार्फत संबंधितांकडे पत्र गेले आहे. उत्तर आले की याच पानावर देऊ.

हौशी रेडिओच्या परीक्षेला रेडिओचे तत्त्व आणि नियम असे विषय असतात. आयटीआय-डिप्लोमाच्याच नव्हे, शाळकरी मुलांनाही जमण्यासारखी ती आहे. अर्ज सरकारच्या 'सरल संचार' या संकेतस्थळावरून करतात. नदीच्या दोन्ही काठांना मिळून निदान चार परवानाधारक तयार व्हावेत अशी आमची इच्छा आहे. एका काठाला चारही असून भागणार नाही, हे वर लिहिलेल्या हिशेबावरून दिसेलच. ज्या सभासदांच्या मुला-मुलींना परीक्षेस बसायचे असेल त्यांनी आपल्या गट ऑफिसात नाव, शिक्षण आणि गाव नोंदवावे. शिकवण्याचे आपल्या त्या तरुणाने कबूल केले आहे. फी नाही. वर्ग रविवारी, शेतकी ऑफिसच्या वरच्या खोलीत, दुपारी तीन वाजता. पलीकडच्या काठावरून येणाऱ्यांनी संध्याकाळची शेवटची एस. टी. सहा वाजता आहे हे लक्षात ठेवून यावे.